राक्षसाला सुतक नसतं

"राक्षसाला कशाचं सुतक बे?"

मालक असं म्हणाले आणि देवीच्या मंडपात बसलेली पन्नास-साठ माणसं हसली. मी नारळ पुढं करून उभा होतो. हात मागं घ्यावा का तसाच ठेवावा, कळेना. तसाच ठेवला.

माझी बायको गया माघात गेली. ही गोष्ट चैत्रातली. मधे दोन महिनेही पुरते झाले नव्हते.

आमच्या गावात चैत्रात देवीपुढं सोंगं निघतात. लाकडाचे जुने मुखवटे आहेत, देवळातल्या पेटीत ठेवलेले. गणपती, मारुती, नरसिंह, शंकर, वीरभद्र आणि देवी. सातवा म्हैसासुर. कोणता मुखवटा कोणत्या घरानं घालायचा हे पणज्याच्या काळापासून ठरलेलं आहे. त्याला मान म्हणतात. देवी मालकांच्या घरात. म्हैसासुर आमच्या.

सोंगाच्या आठ दिवस आधी सगळी मानाची घरं मंडपात जमतात. ज्या घरात सालाच्या आत माणूस गेलं असेल त्यानं नारळ ठेवायचा, आणि त्या साली मुखवट्याला शिवायचं नाही. सोंगाचं सुतक आमच्याकडं सालभराचं. दोन सालांमागं मालकांची आई वारली तेव्हा मालकांनी नारळ ठेवला होता. देवी त्यांच्या भावकीतल्या एकानं घातली आणि मालक पायरीखाली खुर्ची टाकून बसले. तेव्हा कोणी हसलं नाही. उलट माणसं म्हणाली, आईवर लई जीव होता हो मालकांचा.

मला वाटलं, माझंही तसंच. मी नारळ आणला.

त्या दिवशी मालकांचे जावई पुण्याहून आलेले होते. मोबाइल धरून ते मंडपातल्या एकेकाला विचारत होते. "तुम्हाला देव व्हायला मिळालं तर कोणता देव व्हाल?" गंमत चालली होती. शिंपी म्हणाला, "मारुती. एकदा लंका पेटवून बघायची हाय." पिठाच्या गिरणीवाला म्हणाला, "किस्न." लगेच मागून कोणी म्हणालं, "घरी इचारलंस का?" सगळे हसले. मीही हसलो.

मग जावई माझ्यापुढं आले. "आजोबा, तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आतच मालक म्हणाले, "त्याला काय इचारता, पावणं. त्याच्या घराला राक्षसाचा मान हाय."

"पण समजा हो."

"समजायचं काय त्यात?"

तेव्हा मी नारळ पुढं केला. म्हणालो, "मालक, बायको गेली. ह्या साली मला सुतक हाय."

आणि मालक ते बोलले. राक्षसाला कशाचं सुतक. मोबाइल चालूच होता.

मालकांनी माझ्या हातातला नारळ घेतला आणि गुरवाकडं दिला. "फोड. परसाद वाट." गुरवानं फोडला. सगळ्यांना एकेक तुकडा दिला. मलाही दिला. गयाच्या सुतकाचा नारळ. मी तो खाल्ला. चावून चावून खाल्ला, गिळला. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायचं ते सगळं लिहायचं.

*

म्हैसासुराचा मुखवटा बाकीच्यांसारखा नाही. देवीच्या मुखवट्याला तोंडाशी फट आहे. देवी बोलते, आशीर्वाद देते. म्हैसासुराचं तोंड बंद. आतून एक आडवी काठी बसवलेली आहे, बोटाएवढी. ती दातात धरायची. शिंगांचं वजन लई, दातानं धरल्याशिवाय मुखवटा सरळ राहत नाही. काठी दातात असली की बोलता येत नाही. नुसतं घुं घुं होतं. लोकांना वाटतं राक्षस गुरगुरायलाय.

मी एकोणीस सालांचा असताना पहिल्यांदा तो तोंडाला लावला. काठी दातात धरली तर तिच्यावर आधीच खाचा होत्या. माझ्या बापाच्या दातांच्या. त्याच्या बापाच्याही असतील. माझे दात त्या खाचांत बरोबर बसले. मला तेव्हा लई अभिमान वाटला होता. खोटं कशाला सांगू.

सोंग असं असतं. ऊन उतरायला लागलं की संबळ आणि हलगी सुरू होते. राक्षसानं मंडपाला तीन फेऱ्या मारायच्या. बाया लिंबाचे डहाळे मारतात, माणसं शेणाचे गोळे मारतात. दिसत काहीच नाही, डोळ्यांच्या भोकांतून नुसते पाय दिसतात. स्वतःचाच श्वास तोंडावर येतो. तिसऱ्या फेरीला देवळाच्या पायरीशी उताणं पडायचं. फरशी दिवसभर तापलेली असते. मग देवी येते आणि छातीवर पाय देते. गळ्याला त्रिशूळ लावते. आरती होईपर्यंत पाय काढायचा नाही. पाच आरत्या होतात.

थोरले मालक होते तोवर पाय नुसता टेकवायचे. हे आत्ताचे मालक भार देतात. एका साली बरगडी मोडली. त्या साली सरपणाची मोळी उचलता येईना, पाऊसकाळ बेजार झालो.

मी पडायला लागून बरीच सालं झाली होती तेव्हा ह्या मानासाठी मी माझ्या चुलतभावाशी भांडलो. रामा त्याचं नाव. तो म्हणायचा, आज्याचा मोठा नातू मी आहे, म्हैसासुर माझा. मी म्हणायचो, बापानंतर माझा. भर मंडपात एकमेकांच्या गळ्याला धरलं. मालक खुर्चीत बसून बघत होते. शेवटी त्यांनीच निवाडा दिला, माझ्या बाजूनं. तेव्हापासून तीस सालं रामा माझ्याशी बोलला नाही. दोन भाऊ भांडले ते कशासाठी, तर खाली कोणी पडायचं ह्यासाठी. आज सांगताना लाज वाटते. तेव्हा छाती फुगली होती.

गया लग्नानंतर पहिल्या साली सोंगं बघायला आली होती. घरी आल्यावर तिनं तेल गरम करून माझ्या छातीला चोळलं. जेवताना तिनं विचारलं, "तुमाला पडायला आवडतं का?"

"मान हाय त्यो."

"मंग मालक का घेत न्हाईत त्यो मान?"

मी तिला मारलं. ताटावरून उठून मारलं. ती रडली नाही. तिनं माझं सांडलेलं ताट पुसून घेतलं. त्यानंतर ती कधी सोंगं बघायला आली नाही. पण दर साली मी घरी यायच्या वेळेला तेल चुलीवर असायचं. मी सदरा काढून बसायचो, ती चोळायची, आणि दोघंही काही बोलायचो नाही. चाळीसच्या वर सालं असं चाललं.

आम्ही उसाला जायचो दोघं. कोयता म्हणजे जोडी, नवरा-बायको मिळून एक. मी तोडायचो, ती मोळी बांधायची. परत यायचो ते सोंगाच्या आतच, कारण म्हैसासुर नाही तर सोंग नाही. पाय थकले तेव्हा उसाला जायचं सोडलं. ह्या माघात तिला धाप लागली. अंबाजोगाईला नेलं, चार दिवस ठेवलं. चौथ्या दिवशी गेली. डॉक्टर लोकांनी करायचं ते सगळं केलं. तिचेच दिवस भरले होते.

*

नारळ खाऊन घरी आलो तर माझा मुलगा अशोक ओट्यावर बसलेला. तो मालकांचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याला सगळं आधीच कळलं होतं.

"आबा, गप पडून घ्या. घडीभराचं काम हाय."

"तुझी माय मेली बे."

"मला ठाव न्हाई का? खांदा म्या दिलाय." तो खाली बघून बोलत होता. "तुमी न्हाई म्हणलात तर त्यो मुखवटा माझ्या तोंडाला बांधतील. मला न्हाई म्हणता येत न्हाई. मी त्यांच्या ट्रॅक्टरवर हाय."

हे मला आधी सुचलंच नव्हतं. मी सुटलो तर तो अडकणार. माझ्यानंतर तो, तशी मानाची रीतच आहे. म्हणजे मला नाही म्हणायला तोंडच नव्हतं. मी म्हणालो, "बरं. पडतो."

सोंगाच्या दिवशी गुरवानं मुखवटा लावला. माझे पुढचे दात तीनच राहिलेत. काठी धरता येईना. तर त्यांनी मुखवटा गमज्यानं डोक्याला आवळून बांधला, मागं दोन गाठी मारल्या. काठी जिभेवर रुतली. गुरव म्हणाला, "दुखतंय का?" मी घुं केलं. तो म्हणाला, "मंग ठीक हाय."

तीन फेऱ्या झाल्या. डहाळे पडले, शेण पडलं. पायरी आली. मी गुडघा टेकवायला वाकलो.

मी आधीपासून काही ठरवून आलो नव्हतो. लोक आता म्हणतात, म्हाताऱ्याचं आधीपासून मनात होतं. नव्हतं. वाकलो तेव्हा एवढंच मनात आलं की पडायचं, मग उठायचं, मग घरी जायचं. घरी चूल थंड आहे. इतकी सालं मी पडत होतो ते मला उठवणारं माणूस घरी होतं म्हणून. त्या पाच आरत्या मी तेलाच्या वासावर काढायचो. आता उठून कुठं जायचं?

गुडघा टेकला नाही. मी सरळ उभा राहिलो.

हलगी वाजतच होती. आधी लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं अंग आखडलं. मग कोणी ओरडलं, "पड की बे." मालक देवीचा मुखवटा घालून, पाठीला लाकडी हात बांधून, त्रिशूळ उगारून पायरीवर उभे होते. फटीतून हळूच म्हणाले, "पड."

मी उभा.

"अशोक्याला ट्रॅक्टरवरनं उतरवीन. पड."

मी गाठी सोडायला लागलो. एक गाठ सुटेना. कोणी मदत केली नाही, कोणी अडवलंही नाही. अशी गोष्ट कोणी बघितलीच नव्हती, त्यामुळं काय करायचं हे कोणाला ठाऊक नव्हतं. मुखवटा निघाला. तोंडातून रक्त आलं होतं, ते मी थुंकलो. मग बोललो.

"माझी बायको मेलीय. मी सुतकात हाय. म्या पडत न्हाई."

हलगी थांबली.

मालक पायरीवरच अडकले. देवीनं राक्षस मारल्याशिवाय मुखवटा काढायचा नाही, अशी रीत आहे. त्रिशूळ खाली घ्यायचा नाही. ते तसेच हात वर करून उभे. सोंगात पहिल्यांदाच मी त्यांना उभं राहून बघितलं. बुटका माणूस आहे. खालून कधी कळलं नव्हतं.

मी मुखवटा पायरीवर ठेवला आणि घरी आलो.

*

पुढचं मला अशोकनं सांगितलं.  गुरव म्हणाला, मुखवट्यालाच पाय लावा. मालकांनी रिकाम्या मुखवट्यावर पाय दिला. पाच आरत्या झाल्या. प्रसाद वाटला. सोंग पूर्ण झालं.

हे ऐकून मी रात्रभर बसून राहिलो. म्हणजे चालत होतं. मुखवट्याच्या मागं माणूस नसला तरी देवीला चालत होतं. माझा बाप तापात फणफणत असताना जाऊन पडला होता. माझी बरगडी मोडली. गयानं मार खाल्ला. रामाचं-माझं तुटलं. आणि ह्यातल्या कशाचीच देवीला गरज नव्हती. गरज दुसऱ्याच कोणाला होती.

अशोकचा ट्रॅक्टर दुसऱ्याच दिवशी गेला. तो नांदूरघाटला एका दुकानात पोती उचलायला जायला लागला. माझ्याशी बोलायचा नाही. सून भाकरी आणून ठेवायची आणि जायची. शेजारणी यायच्या बंद झाल्या. गावात एक म्हैस मेली, ती माझ्या नावावर. वारं सुटून पत्रे उडाले, ते माझ्या नावावर. मी ओट्यावर बसलो की माणसं पलीकडच्या बोळीनं जायची. माझं घर मलाच बंद पेटीसारखं झालं.

ज्येष्ठात गुरव आला. गूळ घेऊन आला, म्हणजे काम होतं.

"मालकांनी मोठं मन केलंय," म्हणाला. "झालं ते झालं म्हणतेत. पुढच्या साली तुला देव देतो म्हणतेत."

"कोणता?"

"तुला पायजे त्यो. देवी सोडून. गणपती घे, मारुती घे. अशोकला परत ट्रॅक्टरवर घेतो म्हणलेत."

"आन् म्हैसासुर?"

"रामा घालतोय. त्यानं कवाच हो म्हणलंय."

"रिकामा मुखवटा चालला की ह्या साली."

गुरव हसला. "शोभत न्हाई रे ते. मालकाला बरं वाटलं न्हाई. चार दिवसांनी येतो, देव ठरवून ठेव."

अशोक आत बसून ऐकत होता. गुरव गेल्यावर बाहेर आला. दोन महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलला. "आबा, गणपती घ्या. वजनाला हलका हाय. नुसतं बसायचं असतंय."

मी चार दिवस विचार केला. हयातीत मला कोणी विचारलं नव्हतं, कोणता देव पाहिजे. आता विचारलं होतं आणि मी खरंच एकेक डोळ्यांपुढं धरून बघितला. गणपती मुकाट्यानं बसतो. मारुती हात जोडून उभा असतो, आयुष्यभर दुसऱ्याच्या पायाशी. शंकर डोळे मिटून घेतो. नरसिंह पोट फाडतो, पण त्याच्या मांडीवरही एक माणूस आडवा असतोच. गया असती तर म्हणाली असती, म्हसोबा व्हा. मालकांच्या रानाच्या बांधावर म्हसोबाचा धोंडा आहे. ती त्याला शेंदूर लावायची, भाकरीचा तुकडा ठेवायची. म्हणायची, गावात तुडवत्यात त्यो ह्योच, रान राखायला मात्र ह्योच लागतो. पण मी म्हणतो, तोही कोणाचं रान राखतो? मालकांचंच.

आणि खरं सांगायचं तर मला ह्यातला एकही नको होता. मला देवी व्हायचं होतं. जो देणार नव्हते तोच. मला मालकांच्या छातीवर पाय द्यायचा होता, भार देऊन, पाच आरत्या. तीन रात्री मी तोच पाय देत होतो अंथरुणात पडून. चौथ्या दिवशी सकाळी दात घासताना कळलं. समजा मला देवी दिली. तरी पायाखाली मालक येणार नाहीत. तिथं रामाच येणार. पेटीतला कोणताही मुखवटा उचला, खाली पडलेला माणूस आमच्यातलाच.

मी रामाकडं गेलो. तीस सालांत त्याच्या दाराशी गेलो नव्हतो. तो बाजेवर बसून बिडी ओढत होता.

"आलास का मान परत मागायला?"

"न्हाई. सांगायला आलो. पडू नको."

"तू पडत हुतास तवा न्हाई सुचलं?"

"न्हाई सुचलं."

"आन् आता माझी पाळी आली तर सुचलं." बिडी विझली होती, तो तरी ओढत होता. "आमच्या घराला कायतरी पायजे का न्हाई, सांग. कोनी नाव घेत न्हाई आमचं. चैत्रात एक दिवस सगळा गाव माझ्याकडं बघनार."

"बघत न्हाई, रामा. मी आतून बघितलंय. नुसते पाय दिसतेत."

त्यानं विझलेली बिडी फेकली. बसही म्हणाला नाही. मी उभ्यानंच परत आलो. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तो जे बोलला तेच मी तीस सालांमागं बोललो होतो, मंडपात, गळ्याला धरून.

गुरव आला. म्हणाला, "ठरला का देव?"

"मला कोनताच देव व्हायचं न्हाई. मालकाला सांग."

"अशोकचं काय?"

मी अशोककडं बघितलं. तो उठून आत गेला. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. तो मला माफ करील का नाही, ठाऊक नाही. ट्रॅक्टर मी त्याला परत देऊ शकत नाही. पण म्हैसासुर त्याच्या तोंडाला लागू देणार नाही. आणि रामाच्या छातीवर पाय पडू देणार नाही.

तेव्हा मी हे आत्ताच सांगून ठेवतो, मागून कोणी म्हणायला नको की म्हातारा भ्रमला. पुढच्या चैत्रात जगलो वाचलो तर मी सोंगाला जाणार आहे. बोलावलं तरी जाणार, न बोलावलं तरी जाणार. रामा तिसरी फेरी मारील, पायरीशी उताणा पडेल, देवी पाय उचलेल. तेव्हा मी रामाच्या शेजारी असेन आणि माझे दोन्ही हात त्याच्या छातीवर असतील. मालकांनी पाय द्यावा. सगळ्या गावादेखत माझ्या हातांवर द्यावा. मी काढणार नाही.

आणि त्या साली भागलं नाही, तर त्याच्या पुढच्या साली परत.